हिज्कीयाच्या माणसांनी काय केलं? नव्या मांडणीचं बायबल वाचताना

आजचं वाचन: नीतिसूत्रे २५:१, नहेम्या ८:१–१२, लूक १:१–४
सोबत ठेवा: घरातलं जुनं पवित्र शास्त्र आणि मोबाइलमधलं नवं



आपल्या तरुणांच्या बायबल अभ्यासात हल्ली एक गोष्ट हमखास घडते. अध्याय ठरतो, आळीपाळीने एकेक वचन वाचायचं असतं, आणि तिसऱ्या वचनालाच गाडी अडते. एकाच्या हातात बायबल सोसायटीचं जुनं पवित्र शास्त्र. दुसरीच्या मोबाइलवर सोप्या मराठीतलं. तिसऱ्याकडे समकालीन आवृत्ती. चौथ्याने घटनाक्रमाने लावलेलं इंग्रजी बायबल घेतलंय, त्यात तो अध्याय कुठे गेला हेच त्याला सापडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "शास्त्राला असा हात लावायचा असतो का?" आणि दुसरं कुणीतरी म्हणतं, "पण जुनं मला कळतच नाही, मग वाचू कशाला?"

दोघांचंही दुखणं खरं आहे. पहिल्याला भीती वाटते की देवाचं वचन कुणीतरी आपल्या नकळत बदलतंय. अनुवाद ४:२ आणि प्रकटीकरण २२:१८–१९ त्याला तोंडपाठ आहेत: भर घालू नका, काढून टाकू नका. दुसरा मात्र हळूहळू वाचनच सोडून देतो. एकाचा विश्वास डळमळतो, दुसऱ्याचं पुस्तक बंद होतं. म्हणून आज हा विषय जरा निवांत घेऊ. लेख नेहमीपेक्षा मोठा आहे, दोन बैठकीत वाचलात तरी चालेल.

आधी एक छोटं वचन

नीतिसूत्रे २५:१ उघडा. आपण हे वचन शीर्षक समजून पुढे सरकतो. त्यात सांगितलंय ते असं: यापुढची सूत्रंही शलमोनाचीच आहेत, पण ती उतरवून काढली यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी.

शलमोन आणि हिज्कीया यांच्यामध्ये सुमारे २०० वर्षांचं अंतर आहे. म्हणजे शलमोनाची सूत्रं कुठेतरी लिहिलेली होती. दोन शतकांनी राजदरबारातल्या काही लोकांनी ती गोळा केली, उतरवली आणि संग्रहाला जोडली. २५ व्या अध्यायापासून २९ व्यापर्यंत आपण जे वाचतो, ते त्यांच्या हातून आलंय. बायबलच्या आतच बायबलचं संपादन झालंय, आणि ते पवित्र शास्त्राचा भाग आहे.

पण त्यांनी केलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी ते लपवलं नाही. सरळ वर लिहून ठेवलं: मूळ शब्द कुणाचे, आणि हे काम कुणाचं. आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना हे लगेच कळेल. हा चांगला कमिट मेसेज आहे. कोड कुणाचा, बदल कुणी केला, काय केला. हाच धागा धरून आपण पुढे जाऊ.

प्रश्न खरं तर दोन आहेत, आणि आपण ते एकत्र कालवतो. एक, भाषा नवी करणं. दोन, क्रम बदलणं. वेगवेगळे पाहू.

भाषा: "जुनं" कधीतरी नवं होतं

नहेम्या ८ मध्ये बंदिवासातून परत आलेले लोक पाणवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय. ८ व्या वचनात लेवी लोक ते स्पष्ट करून सांगतात, अर्थ उलगडतात, म्हणजे वाचलेलं लोकांना समजावं. याआधीची पिढी बाबेलमध्ये वाढली होती, आणि तिथे बोलली जाणारी भाषा अरामी होती. म्हणून या वचनात तोंडी भाषांतरही आलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. मग लोक रडतात, आणि १२ व्या वचनात आनंद करतात. का? त्यांना सांगितलेलं कळलं म्हणून. पुस्तक तेच होतं. कळणं नवं होतं.

आता आपल्या मराठीकडे या. आपण ज्याला "आपलं जुनं बायबल" म्हणतो, त्याच्या मागे किती नव्या आवृत्त्या उभ्या आहेत बघा.

१६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि सुमारे ११ हजार ओव्यांत त्यांनी बायबलची कथा सांगितली. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. निवड त्यांची, क्रम त्यांचा, छंद आपल्या ज्ञानोबा-एकनाथांचा. त्यांनी त्याला बायबल म्हटलं नाही, पुराण म्हटलं. हिज्कीयाच्या माणसांसारखंच: हे काय आहे ते नावातच सांगून टाकलं. पुढे नारायण वामन टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरं होतं, लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. तिथेही नाव प्रामाणिक आहे.

सरळ भाषांतराची गोष्ट बंगालमधल्या श्रीरामपूरला सुरू होते. विल्यम केरी यांनी मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये मराठीत छापला. त्यांना मराठी शिकवणारे आणि या कामात मदत करणारे पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे. आपल्या विदर्भातला माणूस मराठी बायबलच्या पहिल्या पानाशी बसलेला होता, हे आम्हा यवतमाळकरांना कुणी शाळेत सांगितलं नाही! पण तेवढ्यावर काम थांबलं नाही. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने नवा करार पुन्हा केला, तो १८२६ मध्ये पूर्ण झाला, आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल. त्यानंतरही सुधारणा होत राहिल्या.

मग पंडिता रमाबाई. संस्कृतची एवढी मोठी विदुषी, तिला अवघड मराठी लिहिणं सहज जमलं असतं. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिच्यासमोर दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या बायका-मुली होत्या. त्यांना प्रचलित बायबलची संस्कृतप्रचुर भाषा कळत नव्हती. म्हणून ती हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या मराठीत अख्खं बायबल पुन्हा भाषांतरित केलं. छपाई तिथल्याच छापखान्यात, मिशनमधल्या बायकांच्या हातून. ५ एप्रिल १९२२ रोजी ती प्रभूकडे गेली, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

जवळच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' २०१० मध्ये आलं, आणि २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईच्या या धर्मगुरूला पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही मिळालं.

म्हणजे ४०० वर्षांत दर दोन-तीन पिढ्यांनी कुणीतरी तेच म्हटलंय: आत्ताची भाषा माझ्या समोरच्या माणसाला पुरत नाही. आपण ज्याला परंपरा म्हणतो ती अशीच तयार झाली. तेव्हा "नवं भाषांतर म्हणजे शास्त्राचा अवमान" असं कुणी म्हटलं, तर नम्रपणे विचारा: मग रमाबाईंचं काय?

पण नव्यात काही सुटतंही

हे मान्य करून आता दुसरी बाजू. मत्तय ५:४१ बघा. जुन्या मराठीत तिथे 'वेठीस' हा शब्द आहे, आणि अंतर 'कोस' मध्ये आहे. रोमी शिपाई वाटेवरच्या यहूदी माणसाला पकडून ओझं वाहायला लावू शकत असे, त्या हक्काविषयी येशू बोलतोय. वेठ, वेठबिगार. आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना हा शब्द नुसता माहीत नाही, काहींच्या घराण्याने ती वेठ केलीय. सोप्या भाषेत "जबरदस्तीने चालायला लावलं" असं केलं की वाक्य कळतं, पण सत्तेचा तो वास जातो. उलट 'कोस' मात्र थोडा चुकतो. रोमी मैल साधारण दीड किलोमीटरचा, आपला कोस त्याच्या जवळजवळ दुप्पट. तिथे 'मैल' जास्त बरोबर. एकाच वचनात एक जुना शब्द सरस, दुसरा नवा सरस.

किंवा 'जकातदार' घ्या. जुन्या भाषांतरात मत्तय आणि जक्कय जकातदार आहेत. आमच्या आधीच्या पिढीला जकात नाका डोळ्यांसमोर दिसायचा: ट्रकची रांग, आणि नाक्यावरच्या माणसाबद्दल लोकांच्या मनात असलेली चीड. महाराष्ट्रात शेवटी मुंबईची जकातही २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाली. आता संडे स्कूलच्या मुलाला जकातदार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. 'कर वसूल करणारा' कळतं, पण ती चीड त्यात येत नाही. प्रत्येक पिढीत काही शब्द मरतात. भाषांतर करणाऱ्याला दरवेळी काहीतरी सोडावं लागतं.

आणि 'तू'. इंग्रजीत १६११ च्या किंग जेम्स भाषांतरातले जुने एकवचनी सर्वनाम १९८२ च्या न्यू किंग जेम्समध्ये काढले, तेव्हा काही लोकांना वाटलं की देवाचा मान गेला. आपल्याकडे तो पेच आला नाही. मराठी माणूस देवाला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो, आणि त्यात मान कमी होत नाही. पण काही नव्या मराठी आवृत्त्यांत येशूसाठी आदरार्थी बहुवचन आलंय, "ते म्हणाले" असं. ग्रीकमध्ये असा फरक नाहीच. जुनं 'तो' जवळचं वाटतं, नवं 'ते' आदराचं. दोन्हीही भाषांतरकाराची निवड. चूक कुणाचीच नाही, फक्त ती निवड आहे हे आपल्याला माहीत असावं.

"नव्या बायबलमधून वचनं काढली!"

हा फॉरवर्ड तुम्हाला वर्षातून एकदा तरी येतो. मत्तय १७:२१ आणि १८:११ उघडून बघायला सांगतात. काही नव्या आवृत्त्यांत २० नंतर थेट २२ येतं, काहींत ते वचन कंसात किंवा तळटीपेत असतं. मेसेजच्या शेवटी कट-कारस्थान.

काय झालंय ते शांतपणे बघा. नव्या कराराला वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. त्या वेळी छापील ग्रीक पाठात ही दोन्ही वचनं होती. सिनाई पर्वताच्या मठातली चौथ्या शतकातली हस्तलिखित प्रत टिशेनडॉर्फला पहिल्यांदा दिसली १८४४ मध्ये. तिच्यात, आणि रोममधल्या तितक्याच जुन्या व्हॅटिकन प्रतीत, ही वचनं मत्तयात नाहीत. म्हणजे १८२६ मध्ये मुंबईत नवा करार पूर्ण झाला तेव्हा सिनाईची प्रत त्या भाषांतरकारांसमोर येणं शक्यच नव्हतं. त्यांनी हातात होतं ते प्रामाणिकपणे दिलं. आजचे भाषांतरकारही तेच करतात.

यात हरवलं काय? मत्तय १७:२१ मध्ये जे आहे त्याच्या जवळचं वचन मार्क ९:२९ मध्ये आहे. १८:११ चा आशय लूक १९:१० मध्ये आहे. प्रभूची शिकवण जागेवरच आहे. नकल करणाऱ्या कुणीतरी एका शुभवर्तमानातलं ओळखीचं वाक्य दुसऱ्यात लिहिलं असावं, एवढंच.

आणि एक गोष्ट नीट बघा. २१ हा आकडा पुढच्या वचनाला दिलेला नाही. जागा रिकामी ठेवलीय. डेटाबेसमधली एखादी रो काढली तर तिचा आयडी आपण दुसऱ्याला देत नाही, तसंच. लपवायचंच असतं तर आकडे सरकवून टाकले असते, कुणाला कळलंही नसतं. ती रिकामी जागा म्हणजेच संपादकाची सही आहे.

क्रम: अनुक्रमणिका आकाशातून पडली नाही

आता दुसरा प्रश्न. पुस्तकांचा क्रम बदलला तर?

आपल्या जुन्या करारात ३९ पुस्तकं, उत्पत्तीपासून मलाखीपर्यंत. यहूदी लोकांच्या हिब्रू बायबलमध्ये मजकूर तोच, पण मोजणी २४ पुस्तकांची आणि क्रम वेगळा: नियमशास्त्र, संदेष्टे, लेख. त्यांच्याकडे दानीएल संदेष्ट्यांत नाही, लेखांत आहे. आणि आजच्या छापील प्रतींत सर्वांत शेवटी मलाखी नसून इतिहास आहे. लूक २४:४४ मध्ये पुनरुत्थित प्रभू शास्त्राचे तीन भाग सांगतो: मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रे. तो आपला चार भागांचा क्रम सांगत नाही.

आणखी एक. मत्तय २३:३५ मध्ये येशू हाबेलापासून जखऱ्यापर्यंत सांडलेल्या नीतिमान रक्ताविषयी बोलतो. हाबेल पहिला, ते कळलं. पण जखऱ्या शेवटचा कसा? मंदिराच्या अंगणात धोंडमार करून मारलेला जखऱ्या २ इतिहास २४:२०–२२ मध्ये येतो. त्याच्यानंतर पुष्कळ वर्षांनी यहोयाकीम राजाने उरीया संदेष्ट्याला मारलं (यिर्मया २६:२०–२३). काळाने पाहिलं तर उरीया नंतरचा. पण पुस्तकांच्या हिब्रू क्रमाने पाहिलं तर पहिल्या पुस्तकातला पहिला खून हाबेलाचा आणि शेवटच्या पुस्तकातला जखऱ्याचा. "अथपासून इतिपर्यंत" असा अर्थ. अनेक अभ्यासक याचा उलगडा असाच करतात. म्हणजे क्रम माहीत असला की प्रभूचं वाक्य जास्त कळतं.

नव्या करारातही तसंच. पौलाची पत्रं आपल्याकडे त्याने लिहिलेल्या क्रमाने नाहीत. आधी मंडळ्यांना लिहिलेली, मग व्यक्तींना, आणि प्रत्येक गटात साधारण मोठ्याकडून लहानाकडे. रोमकरांस पहिलं आहे कारण ते सर्वांत लांब. इब्री लोकांस हे पत्र सिनाई आणि व्हॅटिकन प्रतींत २ थेस्सलनीनंतर येतं. लूकने लिहिलेल्या दोन पुस्तकांच्या मध्ये आपण योहान ठेवलाय. यिर्मयाचं तर पुस्तकच दोन मांडण्यांत मिळतं. प्राचीन ग्रीक भाषांतरात ते सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि राष्ट्रांविरुद्धचे संदेश शेवटी नसून मध्यावर आहेत. मृत समुद्राजवळच्या गुहांत दोन्ही प्रकारच्या हिब्रू प्रतींचे तुकडे सापडले.

म्हणून कुणी पत्रं काळाच्या क्रमाने लावली, किंवा लूक आणि प्रेषितांची कृत्ये शेजारी ठेवली, तर शास्त्राला धक्का लागत नाही. फायदाही होतो. स्तोत्र ५१ वाचताना २ शमुवेल १२ आधी वाचून बघा. हाग्गय वाचताना एज्रा ५ शेजारी ठेवा. कोरडं वाटणारं पुस्तक बोलायला लागतं. इंग्रजीत एडवर्ड रीस यांनी १९८० मध्ये किंग जेम्स भाषांतरच घटनाक्रमाने लावून छापलं, आणि आजच्या ॲपमधल्या एका वर्षाच्या वाचन योजनांतही हीच कल्पना आहे.

जिथे मी थांबतो

पुस्तकं हलवणं एक, आणि पुस्तकं फोडून एकमेकांत विणणं दुसरं.

मनश्शे राजा घ्या. २ राजे २१ मध्ये तो शेवटपर्यंत दुष्ट आहे, आणि यहूदाच्या नाशाचं कारण त्याच्या पापात सापडतं. २ इतिहास ३३ मध्ये तोच मनश्शे बाबेलला बेड्यांत नेला जातो, तिथे नम्र होतो, प्रार्थना करतो, आणि देव त्याला परत आणतो. राजे हे पुस्तक विचारतं, आपण उद्ध्वस्त का झालो? इतिहास हे पुस्तक परतलेल्या लोकांना सांगतं, इतका वाईट माणूसही परत येऊ शकतो. दोन साक्षी, दोन काळच्या जखमा. विणलेल्या आवृत्तीत हे दोन अध्याय एकच सलग चरित्र होतात. माहिती सगळी असते, पण दोन आवाज ऐकू येत नाहीत.

किंवा मंदिरशुद्धी. योहान २ मध्ये ती सेवेच्या सुरुवातीला, मत्तय २१, मार्क ११, लूक १९ मध्ये शेवटच्या आठवड्यात. एकदा झाली की दोनदा? विश्वासू अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. पण चारही शुभवर्तमानांचं एक करायचं तर संपादकाला ठरवावंच लागतं. आणि वाचणाऱ्याला दिसतं फक्त उत्तर, प्रश्न दिसतच नाही. संपादकाचा अंदाज शास्त्राच्या पानावर जाऊन बसतो.

मंडळीने हा अनुभव घेतलाय. साधारण १७० साली तातियान याने चार शुभवर्तमानांचं एकच 'दियातेस्सारोन' तयार केलं. सिरियातल्या मंडळ्यांत ते दोनशेहून अधिक वर्षं उपासनेत वाचलं गेलं, लोकांना आवडत होतं. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपला आपल्या भागात त्याच्या २०० हून जास्त प्रती सापडल्या. त्याने त्या काढून घेतल्या आणि चार वेगळी शुभवर्तमानं परत दिली. त्याची एक तक्रार अशी की येशूच्या वंशावळ्या त्यात गाळल्या होत्या, आणि साध्या भाविकांना ते माहीतच नव्हतं. ते बिचारे सोयीचं, आटोपशीर पुस्तक म्हणून वापरत होते. इथे सही नव्हती.

लूकचं उदाहरण याच्या उलट आहे. १:१–४ मध्ये तो सांगतो की माझ्याआधी अनेकांनी लिहिलंय, मी मुळापासून शोध केला, आणि आता क्रमाने लिहितोय. कशासाठी लिहितोय तेही सांगतो: थियफिलाला शिकवलेल्या गोष्टींची खात्री पटावी म्हणून. त्याने मार्कला पुसून टाकलं नाही. मार्क आपल्याकडे आजही वेगळा आहे.

पत्ता

अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले, स्टीफन लँग्टनच्या नावाने ओळखले जाणारे. वचनांचे सोळाव्या शतकातले. दोन्ही प्रेरित नाहीत, आणि काही जागी चुकीच्या ठिकाणी कापतात. १ करिंथ ११:१ खरं तर दहाव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आहे. म्हणून २००७ मध्ये इंग्रजीत आकडे काढून टाकलेली आणि पुस्तकं नव्याने लावलेली एक आवृत्ती आली. सलग वाचायला ती छान आहे.

पण माझी आजी बाभुळगावची. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. ती वचन आकड्याने ओळखते. "रोम आठ अठ्ठावीस वाच, बापू," म्हणते, आणि मी नव्या आवृत्तीतून वाचलं की थांबवते: "माह्या बायबलात असं नाही." मग ती जुन्या शब्दांत तेच म्हणून दाखवते. आमच्या दोघांकडे वेगळे शब्द असतात, पत्ता मात्र एकच. त्या पत्त्यावर आम्ही भेटतो. आमच्या यवतमाळात १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, तिथे हिब्रू-ग्रीक शिकलेल्या पाळकांचे उपदेश त्या पिढीने ऐकले, आणि वहीत काय उतरवलं? आकडे. आकडे नसलेलं बायबल एकट्याला चालेल. मंडळीत मात्र सगळ्यांच्या हाती एकच पत्ता लागतो.

नवी आवृत्ती हातात आली तर चार प्रश्न

१. प्रस्तावना आहे का? कुठल्या मूळ पाठावरून, कुणी, काय बदललं ते सांगितलंय का? प्रस्तावना सोडून पुढे जाऊ नका, तीच त्यांची सही.

२. भाषांतर आहे की पुनर्कथन? दोन्ही चालतील, पण पुनर्कथनाने स्वतःला भाषांतर म्हणू नये. स्टीफन्स यांनी 'पुराण' म्हटलं, ते आठवा.

३. जोडणीची वाक्यं वेगळी दिसतात का? दोन उताऱ्यांमध्ये संपादकाने स्वतःचं वाक्य घातलं असेल तर ते वेगळ्या अक्षरात हवं. नाहीतर अनुवाद ४:२ ची भीती रास्त आहे.

४. मूळ जागी परत जाता येतं का? आकडे, तळटीप, अनुक्रमणिका यांतलं काहीतरी हवं. परतीची वाट नसेल तर ते एकमेव बायबल म्हणून ठेवू नका.

या चारांत बसणारी आवृत्ती खुशाल वाचा. आणि ती वाचत नाहीत म्हणून आपल्या आई-वडिलांना, पाळकसाहेबांना कमी लेखू नका. त्यांच्या जुन्या शब्दांतूनच वचन आपल्यापर्यंत पोचलंय.

या आठवड्यासाठी

सोमवार ते बुधवार: २ राजे २१ आणि २ इतिहास ३३ वेगवेगळे वाचा. प्रत्येकात मनश्शेविषयी देव काय दाखवतो ते एका ओळीत लिहा. दोन ओळी एकत्र करू नका.

गुरुवार: मत्तय ५:३८–४२ जुन्या आणि नव्या दोन्ही भाषांतरांत, मोठ्याने. कुठला शब्द कुठे जास्त टोचला?

शुक्रवार: हाग्गय १, आधी एज्रा ४:२४–५:२ वाचून.

शनिवार: घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांचं आवडतं वचन विचारा. त्यांच्या शब्दांत ऐका, मग तुमच्या आवृत्तीतून त्यांना वाचून दाखवा.

रविवार: नहेम्या ८:१–१२. लोक आधी का रडले आणि मग का आनंदले?

विचार करा

नवी आवृत्ती मी समजण्यासाठी निवडली, की टोचणारं वचन मऊ व्हावं म्हणून?
जुनी आवृत्ती मी प्रेमाने धरलीय, की समजलं तर काहीतरी करावं लागेल म्हणून?

प्रार्थना

प्रभू, तुझं वचन आमच्यापर्यंत पोचवायला किती हात लागले. हिज्कीयाच्या माणसांचे, लूकचे, पंडित वैजनाथांचे, रमाबाईंचे आणि केडगावच्या छापखान्यातल्या त्या बायकांचे. त्या सगळ्यांसाठी तुझे आभार. आम्हाला समजण्याची भूक दे, आणि न समजलेलं पुसून न टाकण्याची धीर दे. घरात जुनं आणि नवं एकाच टेबलावर राहू दे. जे वाचू ते करायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.